पहिल्या बिंदूला चढ नसतो

सात वाजून पाच मिनिटांनी काहिलीत रस पडला
आणि मी वहीत लिहिलं : शून्य मिनिटं, एकतीस अंश.
थर्मामीटर बांबूला बांधलेला, ओढणीच्या चिंधीनं.
बाळगोंडा मामा चुलवाणावरनं ओरडले,
"ताप बघतीस व्हय रसाचा?
बघ. पर जरा लांबनं, न्हाईतर तुलाच चढंल."

दहा मिनिटं, सत्तेचाळीस.
पंचवीस मिनिटं, अडुसष्ट.
भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली,
चष्म्यावर वाफ, हाताला गोड चिकटा,
आणि वहीच्या पानाला मुंग्या.

रात्री राजारामपुरीत, नवव्या गल्लीतल्या खोलीवर
बारा ओळी लॅपटॉपात भरल्या.
हे शिकायला लागून मला तेरा दिवस झालेत,
अजून कंस उघडला की मिटायचा राहतो.
चढ मात्र दहावीपासून तोंडपाठ :
उभा फरक भागिले आडवा फरक.
प्रत्येक ओळीतून तिच्या मागची वजा करायची,
दोन्हीकडं, आणि भागायचं. एवढंच.

चालवलं. लाल अक्षरं.
ओळी बारा, उत्तरं अकरा, बसत नाहीत.

देवळाबाहेर एकच चप्पल हरवावी
तसा तो बारावा चढ मी शोधत राहिले.
पलीकडच्या कॉटवरून हसीना, जिचे अब्बा मांडव घालतात,
डोक्यावरची चादर न काढता म्हणाली,
"बारा खांबांत गाळे किती?"
"अकरा."
"मग झोप की."

पहिल्या बिंदूला चढ नसतो.
त्याच्या मागं कुणी नाही, वजा काय करणार?
तिथं 'एनए' ठेवलं, माहिती नाही अशा अर्थाचं.
आमच्या घरात असलं काही लिहिणारी पहिली मीच,
म्हणून त्या ओळीकडं जरा जास्त वेळ बघितलं.
मग खालची ओळ दिसली आणि झोपच उडाली :
अनंत.
वडणग्याच्या गुऱ्हाळात, चिपाडाच्या धुरात, अनंत!
हसीनाला उठवणार होते.
वही काढून बघितली तर पंच्याऐंशी मिनिटं दोनदा लिहिलेली,
एकदा शंभर अंश, एकदा एकशे एक.
मध्ये आईचा फोन आला होता, जेवलीस का म्हणून.
आईच्या फोनला शून्य मिनिटं कधीच लागत नाहीत.

ती ओळ खोडली.
उरले दहा चढ, त्यातला एक शून्य.
सत्तर ते पंच्याऐंशी : शंभर आणि शंभर.
वहीत शेजारी माझीच नोंद, मामा विडी ओढतात, काही नाही.

शनिवारी आलेख छापून घेऊन गेले.
मामांनी हात धोतराला पुसले,
कागद उजेडात धरला आणि त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं.
"हितं पाणी जातंय.
सगळी आग त्येच्या वाटखर्चाला."
मग शेवटच्या टिंबांकडं, जिथं पाच मिनिटांत सहा अंश चढले होते,
"आन हितं मी उठलो."
"किती अंशाला उठता?"
"अंश कुठला? बुडबुडा बदलतोय गं."

बोट मागं सरकलं, पंच्याण्णव ते एकशे वीस,
माझी सगळ्यात लांब रेघ.
मिनिटाला शून्य पूर्णांक दोन, शांत चढ.
"आन ह्या दोन टिंबांच्या मधी?"
"तिथं आम्ही सरळ रेघ धरतो, मामा."
"धरा की. पर तवा चिपाड वलं लागलं हुतं,
आग बसली, रस निवला,
बाबूला शिव्या घालून परत पेटवली.
तू च्याला गेलतीस."

कागदावर त्यातलं काहीच नव्हतं.
आग बसलेली नव्हती, शिव्या नव्हत्या,
दोन टोकं तेवढी खरी होती
आणि भागाकारसुद्धा बरोबर होता.

मामांनी गुळाचा कोमट खडा हातावर ठेवला.
मी म्हटलं, पुढच्या खेपेला दर मिनिटाला नोंद घेतो.
(विद्यापीठात मी 'घेते' म्हणते, इथं 'घेतो'च येतं तोंडात.)
मामा काहिलीकडं वळता वळता थांबले.
"मिनटा मिनटाला?
मग च्या कवा पिणार?"